मोबाइलसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा? आणि जुना फोन विकताना नुसता फॉरमॅट केला तर चालतो का?

तुमच्या फोनमध्ये दोन बँकांची ॲप्स आहेत, वडिलांचं पेन्शनचं खातंही तुमच्याच नंबरला जोडलेलं आहे, म्हणून कुठला अँटिव्हायरस घ्यावा असं तुम्ही विचारलंय. शिवाय जुना फोन विकायचाय. मी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. रोज काउंटरवर जे फोन येतात त्यावरून सांगतो.

अँटिव्हायरसवर पैसे घालवू नका. पुण्यात बसून असं म्हणणं जरा जिवावर येतं, कारण क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी इथलीच, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याचं कौतुक असतंच. पण कॉम्प्युटरचं गणित फोनला तसंच्या तसं लागू होत नाही. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला आतून वेगळा युजर आयडी देतं आणि एका ॲपला दुसऱ्याच्या फायली उघडू देत नाही. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखा प्रकार आहे, ज्याची त्याची खोली आणि ज्याचं त्याचं कुलूप. अँटिव्हायरस हेही त्यातलंच एक बिऱ्हाड. शेजारच्या खोलीत शिरून त्याला झडती घेता येत नाही. कोणती ॲप्स आली, ती ओळखीतल्या चोरांपैकी आहेत का, एवढं तो ताडून पाहतो, आणि ते काम प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट फुकटात करतं. ते चालू आहे एवढं बघा. आयफोनमध्ये तर कुठल्याच ॲपला असं स्कॅन करू देत नाहीत. तिथे ‘अँटिव्हायरस’ नावाने जे मिळतं ते फार तर वाईट वेबसाइट अडवणारं काहीतरी असतं.

मग पैसे जातात कुठून? माझ्याकडे ‘फोन हॅक झाला’ म्हणून जे येतात, त्यातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेली एक एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल) सापडते. व्हॉट्सॲपवर आलेली असते, आणि तीही ओळखीच्या माणसाकडून. नाव ‘आरटीओ चलान’, नाहीतर लग्नपत्रिका, नाहीतर गॅसचं बिल भरायचं ॲप. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट लावायची धांदल झाली तेव्हा त्या नावानेही खोट्या लिंका फिरल्या. पुण्यात घराघरात दुचाकी आहे, सिग्नलवर कॅमेरे आहेत, तेव्हा चलान म्हटलं की माणूस दचकून आधी फाइल उघडतो.

ती टाकली की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. ॲप आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं. काही ॲप्स ‘मलाच मुख्य मेसेज ॲप करा’ म्हणतात. मग नोटिफिकेशन वाचायची. आणि सर्वांत वाईट म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची. ही सोय अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे, त्यामुळे ती ज्याला दिली त्याला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. वर सांगितलेल्या खोल्यांच्या भिंती या एका परवानगीने निरुपयोगी होतात. मग आयकॉन गायब होतो. तुम्हाला वाटतं, ॲप उघडलंच नाही, जाऊ दे. तिकडे तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जायला लागतात आणि तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकली की आठवडाभर आमच्याकडे त्याच सोसायटीची माणसं.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजी मिळत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून अडवतात. त्यालाही पळवाटा निघाल्या आहेत. एक म्हणजे फोनवर गोड बोलणारा ‘अधिकारी’ तुमच्याकडूनच ते कुलूप उघडून घेतो.

म्हणून आज एक काम करा. सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ असं शोधा. ॲप्सची यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम, सगळ्यांपुढे ‘नॉट अलाउड’ असलं पाहिजे. नंतर ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ‘डाउनलोडेड ॲप्स’ पाहा. तिथे तुम्ही जाणूनबुजून काही चालू केलेलं नसेल तर यादी बंदच हवी. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही विकतच्या ॲपपेक्षा जास्त उपयोगाचं. एनीडेस्कसारखी पडदा दाखवणारी ॲप्स कुणी फोनवरून टाकायला सांगितली तर फोन ठेवून द्या, समोरचा कितीही मराठीत बोलत असला तरी.

आणि फाइल उघडली गेलीच, तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन) लावा, मग बँकेला. हा क्रम महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा: ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. लोक आधी माझ्याकडे धावत येतात, ‘ॲप काढून द्या’ म्हणून. अहो, ते उद्या काढू. तक्रार नंबर मिळाल्यावर फोन सेफ मोडमध्ये चालू करून ते ॲप काढता येतं (आधी ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्याची टिकमार्क काढावी लागते), पण माझं मत विचाराल तर फोटो आणि कॉन्टॅक्ट बाजूला घेऊन फोन पूर्ण रीसेटच मारा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

आता वडिलांचं खातं. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला द्यायला एक वेगळं छोटं खातं ठेवा, त्यात महिन्याचे लागतील तेवढे पैसे. पेन्शन खात्याचा नंबर वेगळ्या सिमवर घ्या आणि ते सिम एखाद्या बटणांच्या साध्या फोनमध्ये टाकून कपाटात ठेवा. त्यात एपीके चालतच नाही. अधूनमधून चार्ज आणि रिचार्ज करायची आठवण मात्र ठेवा, नाहीतर कंपनी नंबर बंद करते आणि मग बँकेत खेटे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात. दाखला प्ले स्टोअरवरच्या जीवन प्रमाण ॲपने चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो; त्यासाठी फोनवरच्या कुणाला ओटीपी सांगायची गरज नसते.

फोन चोरीला जाणं हा दुसरा मोठा भाग. विसर्जनाची मिरवणूक, पालखी, स्वारगेटला पीएमपी बसच्या दारातली रेटारेटी, हे काही नवीन नाही. फोनला लॉक सगळेच लावतात, पण सिमला कुणी लावत नाही. चोराने सिम काढून आपल्या फोनमध्ये टाकलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे. आणि फोनच्या मागच्या कव्हरमध्ये काय असतं? डेबिट कार्ड. यूपीआय पिन नव्याने लावायला बहुतेक ठिकाणी कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी आणि ओटीपी लागतो, म्हणजे तिन्ही गोष्टी तुम्ही एकत्र बांधून दिल्यात. दुरुस्तीला आलेल्या फोनचं कव्हर काढलं की आत कार्ड, आधारची घडी आणि स्वामींचा फोटो असतो. फोटो राहू द्या, बाकीचं काढा.

सिम पिन सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ नावाने मिळेल. चालू करताना कंपनीचा मूळ पिन मागतो. तो कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने मारू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके कोड लागतो, आणि पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचं बाद. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर लॉक न उघडताच ओटीपी वाचता येतो. नव्या अँड्रॉइडमध्ये गूगलच्या सेटिंगखाली ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ आलंय, हातातून हिसकावून कुणी पळालं की झटक्यावरून ओळखून स्क्रीन लॉक करतं. आयफोनवाल्यांसाठी ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे, आयओएस १७.३ पासून. दोन्ही चालू करून ठेवा.

*#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो आजच कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर खोका शोधत बसता येत नाही. चोरी झाली तर आधी सिम बंद, मग बँक, मग पोलीस तक्रार. हरवला असेल तर पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नोंद करता येते. त्या तक्रारीच्या प्रतीवर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय ब्लॉक होतो, मग तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. त्याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. बघा एकदा, काहींना भलतेच नंबर सापडतात. आयफोन गेलेल्यांना काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, लिंकवर लोकेशन बघा’ असा मेसेज येतो. तो चोराचाच असतो, त्याला तुमचा पासवर्ड हवा असतो.

बसस्टँडवरच्या चार्जिंग पॉइंटची भीती मला जास्तीची वाटते. आजचे फोन केबल लावली की फक्त चार्ज होतात, डेटा द्यायचा का हे वेगळं विचारतात. आणि पेगॅससची, म्हणजे त्या गाजलेल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची, काळजी तुम्ही करू नका, तसली हत्यारं पेन्शनच्या खात्यासाठी कुणी वापरत नाही.

खाजगी माहितीचं म्हणाल, तर पुण्यात ती सगळ्यात जास्त झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर जाते असं माझं मत आहे. अप्पा बळवंत चौकात कुठेही जा, ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा’ असा कागद चिकटवलेला असतो. आधार, पॅन, मुलांचे दाखले, भाडेकरार, सगळं त्या कॉम्प्युटरवर महिनोन्महिने पडून. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याला पुसायला वेळ नसतो. प्रिंट हातात आली की ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, तरी डाउनलोड झालेली फाइल उरतेच, म्हणून ती समोर डिलीट करायला सांगा. आधार द्यायचं तर मास्क्ड द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काही जण घाईत त्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसेच निघून जातात. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही तिथेच सेटिंगमध्ये लावा.

दुकानात बिल करताना नंबर मागतात तिथे ‘नाही देणार’ म्हणायला लाजू नका. नंबरासाठी अडून बसू नये असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. पुणेकराला नाही म्हणायला वेगळं शिकवायला नको म्हणा.

ॲप्सच्या परवानग्यांबद्दल एकच: कॉन्टॅक्ट आणि गॅलरी मागणारं कर्जाचं ॲप दिसलं की काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची कॉन्टॅक्ट यादी, फायली किंवा कॉल लॉग वाचता येत नाही. जे मागतंय, त्याचा वसुलीचा मार्ग तुमच्या नातेवाइकांना फोन करण्याचाच आहे.

फोन दुरुस्तीला देताना आमच्यासारख्यांवरही आंधळा विश्वास ठेवू नका. पावतीवर पासवर्ड लिहून देणारे खूप असतात. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सॅमसंगला ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलला ‘रिपेअर मोड’. तो चालू केला की आम्हाला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि ॲप्स दिसत नाहीत. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही, चार्जिंग जॅक बदलायलाही नाही. कुणी हट्ट धरला तर का ते विचारा.

शेवटी विक्रीचं. गेल्या काही वर्षांतल्या फोनमधला डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा, असतो. रीसेट केला की त्याची चावी पुसली जाते, त्यामुळे ‘डिलीट फोटो परत आणतो’ म्हणणाऱ्यालाही काही मिळत नाही. तेव्हा हो, फॉरमॅट पुरतो, पण क्रम पाळा. आधी यूपीआय ॲप्समधून खातं काढा, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, मग गूगल खातं काढा, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा, आणि मग रीसेट. खातं न काढता रीसेट केलात तर घेणाऱ्याला फोन तुमचाच पासवर्ड मागत राहू शकतो आणि मग तो माणूस तुम्हाला रात्री फोन करतो. मेमरी कार्ड विकू नका, ते सहसा एन्क्रिप्ट केलेलं नसतं. डिस्प्ले गेलाय म्हणून फोन तसाच भंगारवाल्याला किंवा जुन्या बाजारात देणारे असतात. आतला बोर्ड चांगला असेल तर नवा डिस्प्ले जोडून तो फोन जिवंत होतो, तुमच्या डेटासकट. कुठल्याही दुकानात तात्पुरता डिस्प्ले लावून घ्या, स्वतः उभं राहून रीसेट करा, आणि मग द्या.