मालवणीत पोराला 'उंडगो' म्हणतात म्हणजे नेमकं काय?

कामधंदा टाकून दिवसभर गावभर हिंडणारा पोरगा म्हणजे उंडगो. प्रमाण मराठीतला 'उंडगा' तोच. मी कुडाळकडचा, त्यामुळे हा शब्द रोज कानावर पडतो. सायलेन्सर काढलेली बाईक घेऊन बाजारातून उगाच फेऱ्या मारणारा, आरशात बघून सतत केस सारखे करणारा, तो मात्र निराळा. तो 'शायनिंग मारतो'. गणपतीत दोन्ही गुण एकाच झिलात (पोरात) सापडतात. नोकरी शोधत घरी बसलेल्या मुलाला मात्र उंडगो म्हणू नये, तो उंडारत नसतो, आणि हा शब्द त्याला फार लागतो. एक लक्षात ठेवा: आजीने नातवाला 'उंडग्या' म्हटलं तर त्यात मायाच असते, पण परक्याच्या तोंडून तीच शिवी होते.