धारेला कोण बसणार ते आधी ठरवा

ताई, पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. विट्याजवळचं गाव, अडीच एकर रान, टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून त्यात एक एकर ऊस आणि बाकी शाळू, मका, थोडं गवत. दावणीला 3 एचएफ जातीच्या गाई, 2 म्हशी आणि एक कालवड. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, नीटला 365 मार्क पडले, ती म्हणते मला माणसांचं डॉक्टर व्हायचंच नव्हतं, मला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय, एक वर्ष ड्रॉप घेते. वडील म्हणतात विट्यात बीएस्सी कर, सकाळची धार काढून जाशील, संध्याकाळच्या धारेला परत येशील. आजी म्हणते बाईमाणसाला मोठं जनावर आवरत नाही. आणि तुम्ही विचारताय की यातलं करिअरला काय चांगलं.

खरं सांगू का, राग मानू नका, मुलीच्या वडिलांनी करिअर सांगितलेलंच नाही, त्यांनी धारेची सोय सांगितलीय. त्यात त्यांचं चुकलं असंही नाही, मी पण गोठ्याच्या घरातलाच आहे, धार चुकली की काय होतं ते मला माहितीय. पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि तुमच्या घरात ते एकाच दाव्याला बांधलेत.

आधी मुलीचं बघू. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तिची एक वही आहे, कुठली गाय कधी माजावर आली, कधी भरवली, कधी उलटली म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, सगळं तारखेनं लिहिते, आणि मागच्या दिवाळीत तिनंच वडलांना सांगितलं की काळी गाय आता संध्याकाळी सोट (माजाचा चिकट स्राव) टाकतीय, उद्या सकाळी डॉक्टरला बोलवा, आणि ती गाय पहिल्याच भरवणीला राहिली. ताई, पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि तुम्ही ते दोन ओळीत उरकलंय. माज चुकला की पुढचा 21 दिवसांनी, म्हणजे 21 दिवसांची वैरण, पेंड फुकट, अशी दोन-तीनदा चुकली की वर्षाला वासरू मिळायचं ते चौदा महिन्यांवर जातं. संध्याकाळी माज दिसला तर सकाळी भरवायची हे 17 वर्षांची पोर वही बघून सांगते, कित्येक गोठेवाल्यांना 30 वर्षं जनावरं राखून हे जमत नाही.

आता प्रवेशाचं. जनावरांच्या डॉक्टरकीचा बीव्हीएस्सी अँड एएच हा कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, प्रवेश नीटवरच, बायोलॉजी लागतंच. महाराष्ट्रात हा कोर्स नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतो, आपल्याला जवळचं म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, बाकी मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर वगैरे. लोक इथं एक चूक हमखास करतात, नीटचा फॉर्म भरला म्हणजे सगळं झालं समजतात. तसं नाही, व्हेटर्नरीच्या प्रवेशाचा फॉर्म वेगळा असतो, आणि 15 टक्के ऑल इंडियाच्या जागांचा त्याहून वेगळा. यंदा तो भरलाय का हे पत्रात नाही. भरला नसेल आणि तारीख गेली नसेल तर आधी ते काम करा, पत्र नंतर वाचा. मार्कांवरून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, 2024 ला मार्क फुगले होते, 2025 ला पेपर अवघड गेल्यानं एकदम खाली आले, म्हणून गेल्या वर्षीचे मार्क नका बघू, तुमच्या कॅटेगरीची शेवटची रँक किती होती ते बघा. फीचं पण विचारून घ्या, 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, मेसचा खर्च मात्र आपलाच.

कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करा, दोन-तीन वर्षांत गावात डॉक्टरकी सुरू. हे ऐकू नका. डिप्लोमा वाईट नाही, सरकारी भरती आणि डेअरीच्या कामाला तो चालतो, पण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं रजिस्ट्रेशन पदवीवाल्यालाच मिळतं, डिप्लोमावाल्यानं देखरेखीखाली किरकोळ उपचार करायचे असतात. पोरीला पूर्ण डॉक्टर व्हायचंय तर हा जवळचा रस्ता तिथं जात नाही.

आजीला सांगा ताकदीपेक्षा ओळख लागते. आमच्या घरची गोष्ट सांगतो. तिसऱ्या वेताची गाय, चांगली दुधाची, व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेना. मान वळवून पोटावर ठेवलेली, कान हाताला बर्फासारखे गार. आम्हाला वाटलं थंडीनं गारठली, अंगावर पोती टाकली, शेकोटी केली, चार गडी लावून उचलायला बघितलं. डॉक्टर मिळून येईपर्यंत दुपार झाली. हा दुग्धज्वर, नावात ज्वर आणि अंग गार, कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश लागली तर गाय बघता बघता उठून उभी राहते. आमची नाही उठली. चिकातून, दुधातून कॅल्शियम एकदम जातं म्हणून हे होतं, आणि आम्ही तर ऊसतोडणीच्या दिवसांत जनावरं नुसत्या वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर ठेवलेली, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं हे कुणाला माहीत होतं. तुमचाही ऊस आहे म्हणून लिहितोय, वाढं द्या पण निम्म्याहून जास्त नको, आणि त्यावर चुन्याची निवळी मारत जा. तिथं चार गड्यांची ताकद होती, कान हाताला गार लागतोय म्हणजे काय हे कळणारा एक माणूस नव्हता.

आता धारेचं. तुम्ही लिहिलंय पेंडीचे पैसे कापून दहा दिवसांचं बिल साडेसहा-सात हजार हातात येतं, म्हणजे महिन्याला 20 हजार धरू. पोरगी सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी दोन तास गोठ्यात असते, महिन्याचे 135 तास, तासाला 60 रुपये धरले तरी 8,100 रुपये झाले. हे पैसे आजवर कुणी मोजलेच नाहीत म्हणून गोठा परवडतोय असं वाटतंय. ती शिरवळला जावो, विट्याला जावो की चार वर्षांनी लग्न होऊन जावो, हा खड्डा पडणारच आहे, मग आत्ताच बघा की. जी गाय तीनदा उलटलीय तिची एकदा नीट तपासणी करून घ्या, राहिली तर ठीक, नाहीतर विकून टाका, चांगल्या दोन गाई वाईट तीनपेक्षा जास्त देतात. बाकी गाईंना साधं एका बादलीचं धारेचं मशीन बसतं. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण दिसली, धाकटा दहावीत आहे आणि त्याचं गोठ्यात नावच नाही, असं का?

ड्रॉपबद्दल माझं मत, एक वर्ष द्या, दुसरं नको, आणि ड्रॉपमध्ये घरी बसून धारा काढत अभ्यास हे तर अजिबात नको, त्यात दोन्ही बुडतं. शिवाय पुढच्या वर्षी नीटबरोबर सीईटीचा फॉर्म पण भरून ठेवा, बीएस्सी ॲग्री त्यावर होतं, कराडला सरकारी कृषी महाविद्यालय आहे. नुसत्या बीएस्सीपेक्षा ते तिच्या कामाचं.

त्याआधी एक दिवस काढून वडील आणि मुलगी दोघांनी शिरवळला जाऊन या, पुणे-सातारा हायवेलाच आहे. तुम्ही मागं राहा, नाहीतर धारेला कोण म्हणून बेत रद्द होईल. जाताना ती वही घेऊन जाऊ द्या, कुणी तपासायला नाही, वाटेत वडलांनी एकदा वाचावी म्हणून.

आणि धाकट्याला म्हशीखाली उद्यापासूनच बसवा. परक्या हाताला म्हैस लगेच पान्हा सोडत नाही, आठ-पंधरा दिवस तरी त्याची ताई शेजारी उभी पाहिजे.