अहवालातील एचबीए-टू

प्रश्न : गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.६, एमसीव्ही ६४, तांबड्या पेशी ५६ लाख आणि एचबीए-टू ५.२ टक्के आले. मला थॅलेसेमिया आहे का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आजार नव्हे, आपण बहुधा बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक आहात, म्हणजे त्याचे एक सदोष जनुक आपल्यात आहे. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, लोहाच्या कमतरतेतही ८० च्या खाली उतरते. परंतु त्या वेळी पेशींची संख्या सहसा घटते, आपली मात्र चढी आहे, आणि एचबीए-टू, म्हणजे वाहकांत वाढणारा हिमोग्लोबिनचा उपप्रकार, तोही ४ टक्क्यांच्या वर आहे. लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहून डॉक्टर ठरवतील. खरी घाई पतीच्या तपासणीची आहे (ते धडधाकट आहेत, ही सबब चालणार नाही, कारण वाहकही धडधाकटच दिसतो). तेही वाहक निघाल्यास बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के असते, आणि त्याचे निदान अकराव्या आठवड्यापासून वारेचा सूक्ष्म अंश तपासून करता येते.