‘कायदा’ येण्याआधी आपण काय म्हणत होतो?

तासगावकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचा बांधाचा दावा चालू आहे आणि वकील बोलता बोलता म्हणाले, “कायदा मुळात धर्मातूनच आलाय.” वाचक विचारतात, मग ‘कायदा’ हा शब्द अरबी कसा? आणि त्याआधी मराठीत कोणता शब्द होता? तो परका म्हणून आता ‘विधी’ लिहावं का?

‘कायदा’ अरबीच. मूळ अर्थ पाया, त्यावरून नियम. फारसी दप्तरांच्या वाटेने तो आपल्याकडे आला. त्याआधी मात्र असा एकच शब्द सापडायचा नाही, कारण ते काम तेव्हा वाटून दिलेलं होतं. याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मग्रंथाचे तीन अध्याय बघा: आचार, व्यवहार, प्रायश्चित्त. यातला मधला म्हणजे कोर्टकचेरी. तिथे ‘व्यवहार’ म्हणजे दावा, खटला. संस्कृतात देण्याघेण्याचा अर्थही शेजारीच होता. मराठीने तो ठेवला आणि दाव्याचा सोडून दिला. आता ‘व्यवहार’ म्हटलं की जमिनीचा सौदा नाहीतर पासबुक.

मनूने व्यवहाराची १८ पदं सांगितली आहेत, म्हणजे दाव्यांची कारणं. पहिलंच ऋणादान, थकलेलं कर्ज. पुढे ठेव, मजुरी, शिवेचा तंटा, भावांच्या वाटण्या. गुरांचा मालक आणि गुराखी यांच्या भांडणालाही स्वतंत्र पद आहे! जतच्या माळावर ते आजही कुणाला परकं वाटणार नाही. तेव्हा वकीलसाहेबांचं म्हणणं अर्धं खरं. ग्रंथ धर्माचे, पण निम्म्याहून जास्त भांडणं जमिनीची आणि पैशाची. माझं मत विचाराल तर तंटा मालमत्तेचा होता आणि धर्माला साक्षीला बोलावलं होतं.

अगदी शब्दशः साक्षीला. वतनाच्या भांडणात गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, कागद आणि साक्षीदार संपले की ‘दिव्य’ करायची वेळ येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहर करत आणि ठरल्या दिवशी उघडून हात पोळला का ते पाहत. निवाड्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. वर हरल्याचं ‘येजितखत’ लिहून द्यायचं. म्हणजे देव साक्षीला आणि पावती सरकारची. ‘मोठं दिव्य पार पाडलं’ असं आपण पाहुण्यांच्या सरबराईबद्दलही म्हणतो, ते इथून आलेलं. बांध कोरणाऱ्याला “भंडारा उचलून सांग” म्हणतात, तीही त्याच घरातली रीत.

नीती आणि धर्म कुठे एकमेकांत मिसळले ते पाहायचं तर साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आठवा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी प्रसिद्धी आहे. शब्द ‘शिक्षा’ नाही, ‘प्रायश्चित्त’ आहे. म्हणजे आधी पाप, मग गुन्हा.

‘हक्क’चा प्रवास याच्या नेमका उलट, धर्माकडून मालमत्तेकडे. अरबीत हक्क म्हणजे सत्य. ते ईश्वराचंही एक नाव. आपल्या कागदांत त्याचा झाला पाटला-कुलकर्ण्याचा ‘हक्कलवाजिमा’: पिकातला वाटा, मानाची पानं, सणाची देणी.

मालमत्ता आणि धर्म यांची गाठ सर्वांत घट्ट बसली ती ‘दत्तक’ शब्दात. पिंड द्यायलाही मुलगा हवा आणि जमीन सांभाळायलाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल डलहौसी याने त्या दत्तकाचा खाजगी मालमत्तेवरचा हक्क मानला, गादीवरचा मानला नाही आणि राज्य खालसा केलं. एकाच शब्दाचे कंपनीने दोन तुकडे केले आणि मोठा स्वतःकडे ठेवला.

आता प्रश्नातला शेवटचा भाग: ‘कायदा’ परका म्हणून ‘विधी’ लिहावं का? मंत्रालयात ‘विधी व न्याय विभाग’ आहेच, लिहायला हरकत नाही. पण तासगावच्या कचेरीबाहेर “विधीसाठी आलोय” म्हणालात, तर समोरचा आधी कोण गेलं ते विचारेल. ‘कायदा’च बरा. आणि वकिलांना तेवढं विचारा, बांधाच्या दाव्यात वहिवाटीचा पुरावा काय जोडलाय. तुमच्या कामाचा शब्द तोच आहे.