ऑटो रँक आणि समाजकार्य

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासात ऑटो रँक यांचे नाव आढळले. फ्रॉइड यांच्यापासून दुरावलेल्या या मनोविश्लेषकाचा समाजकार्याशी संबंध कोणता? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रँक हे व्हिएन्नात फ्रॉइड यांच्या अगदी आतल्या वर्तुळातले, मात्र १९२४ मध्ये जन्माच्या आघातावर ग्रंथ लिहून त्यांनी चिंतेचे मूळ आईपासूनच्या पहिल्या ताटातुटीत शोधले, आणि मतभेद वाढत जाऊन १९२६ मध्ये त्यांनी व्हिएन्ना सोडले. ती मूळ कल्पना आमच्या मते त्यांच्या विचारातील सर्वांत कच्चा भाग होय. टिकले ते वेगळेच : उपचाराची मुदत आधीच ठरवावी, भूतकाळ उकरण्यापेक्षा समोर बसलेल्या दोन माणसांमधील चालू नात्याकडे पाहावे, आणि रुग्णाचा विरोध हा केवळ अडथळा न समजता त्याच्या इच्छाशक्तीची खूण मानावी.

अमेरिकेत फिलाडेल्फियातील समाजकार्याच्या अध्यापिका जेसी टॅफ्ट आणि व्हर्जिनिया रॉबिन्सन यांनी हे विचार पेनसिल्व्हेनिया स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये रुजवले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘फंक्शनल’ (मदत देणाऱ्या संस्थेच्या कार्यावर भर देणाऱ्या) संप्रदायाने, निदानावर भर देणाऱ्या फ्रॉइडप्रणीत संप्रदायाशी अनेक वर्षे वाद घातला. मदत मागणारी व्यक्ती संस्थेचे नियम, मर्यादा आणि मुदत यांच्याशी झगडतच स्वतःचा निर्णय घेते, असे ‘फंक्शनल’ संप्रदायाचे म्हणणे होते. (सरकारी योजनेचा अर्ज भरून घेणाऱ्या कार्यकर्त्याला हे लगेच पटेल.) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही १९३६ मध्ये रँक यांना रोचेस्टर येथे बोलावले होते, आणि आपल्या व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीवरील त्यांचा प्रभाव पुढे मान्य केला.