वहीतली फाडलेली दोन पानं

ताई,
माझं वय ३६. बाबा जाऊन १४ महिने झाले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडते, घरी मुलावर खेकसते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनीच थेरपी सुचवली. येत्या गुरुवारी समुपदेशन केंद्रात पहिली भेट आहे. काय बोलायचं ते विसरू नये म्हणून वहीत लिहून काढलं आणि त्यातली दोन पानं फाडून टाकली. केंद्राने आधी भरून आणायला एक फॉर्म पाठवलाय. ‘जगणं नकोसं वाटतं का’ अशा अर्थाच्या प्रश्नापुढे मी ‘अजिबात नाही’वर खूण केली. ते खरं नाही. पण खरं लिहिलं तर ते घरी कळवतील का? मला दाखल करतील का? नवऱ्याला मी फक्त ‘डॉक्टरकडे जातेय’ एवढंच सांगितलंय. आणि मी पूर्वीसारखी किती दिवसांत होईन?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या खुणेबद्दल बोलू या. बाकीचं सगळं पत्र तू तिच्याभोवती लिहिलंयस, असं मला वाचताना वाटत राहिलं.

तो प्रश्न बहुधा पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीतला नववा असावा. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का, असं विचारत विचारत ती शेवटी तिथे येते. प्रत्येक प्रश्नाला चारच उत्तरं असतात: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना ० ते ३ गुण, एकूण २७. ज्यांच्या हातात तू हा कागद देणार आहेस, त्यांनी त्या नवव्या ओळीवरच्या खुणा कितीतरी वेळा पाहिलेल्या असतात. ‘काही दिवस’वर खूण दिसली म्हणून कुणी लगेच तुझ्या घरचा नंबर फिरवत नाही. ते तुलाच आणखी विचारतात. विचार नेमका कसा येतो? ‘उद्या जागच आली नाही तर बरं’ असा, की स्वतःला काही करून घ्यावं असा? कसं करायचं हे ठरवलंयस का, काही हाताशी आणून ठेवलंयस का? आणि आजवर कशाने थांबलीस? असं थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. बहुतेकांना विचारलं गेल्यावर हायसंच वाटतं.

जीवाला तातडीचा धोका आहे आणि घरी राहून तो सांभाळता येणार नाही असं दिसलं, तरच दाखल होण्याचा विषय निघतो. एरवी ते तुझ्याबरोबर बसून एक कागद तयार करतात. वाईट रात्र येते आहे हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कुणाला उठवायचं, घरातली कुठली वस्तू नजरेआड ठेवायची, हे सगळं त्यात तुझ्या शब्दांत लिहिलेलं असतं. पहाटे तीनला डोकं चालत नाही म्हणून तो कागद आधीच लिहून ठेवायचा.

तेव्हा फॉर्मवरची ती खूण खोडून खरी खूण कर. हात होत नसेल तर तशीच राहू दे आणि गुरुवारी तोंडाने सांग, ‘हे मी खोटं लिहिलंय.’ आणि हे फार महत्त्वाचं: गुरुवारच्या आत तो विचार जड झाला, ‘कसं’ आणि ‘कधी’ मनात यायला लागलं, तर गुरुवारची वाट पाहू नकोस. नवऱ्याला उठव, आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन कर, नाहीतर सरळ जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. त्या वेळी कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही.

आता गुप्ततेबद्दल. खोलीत बोललेलं खोलीत राहतं, हा थेरपीचा पाया आहे. पण त्याला अपवाद असतात आणि ते पहिल्याच दिवशी तुझ्यापुढे ठेवणं त्यांचं काम आहे. साधारणपणे ते असे: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जीवाला गंभीर धोका, लहान मुलावर होणारा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. संमतिपत्रावर सही करण्याआधी हा भाग दोनदा वाच आणि जे कळणार नाही ते विचार. माझ्या नोंदी कुठे ठेवता, केंद्रातले इतर समुपदेशक त्या पाहू शकतात का, हेही विचार. थेरपिस्ट आपल्या वरिष्ठ मार्गदर्शकाशी नाव न घेता केसबद्दल बोलतात. ती चुगली नव्हे, चांगल्या कामाचा तो भाग आहे. तुझ्यासाठी आणखी एक: भेटीची आठवण करून देणारे मेसेज कुठल्या नंबरवर येतील आणि त्यात केंद्राचं नाव दिसेल का, हे स्वागतकक्षात आधीच सांगून ठेव. गोष्टी पुष्कळदा अशा मेसेजमधूनच घरी कळतात.

समोर कोण बसणार आहे हे विचारायलाही संकोच करू नकोस. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक मुख्यतः बोलण्यातून उपचार करतात, गरज पडली तर औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. शिक्षण काय, नोंदणी आहे का, कुठल्या पद्धतीने काम करता, हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. तुझ्या बाबतीत मी एक प्रश्न जास्तीचा सुचवेन: ‘वियोगाच्या दुःखावर तुम्ही काम केलंय का?’ माणूस गेल्यावर वर्षभरानंतरही दुःख तितकंच तीव्र राहिलं आणि रोजचं जगणं अडवू लागलं, तर त्याला आता वेगळं नाव आहे, दीर्घकालीन शोकविकार. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात ते २०२२ साली आलं. तुला तोच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते ठरवणं चूक होईल. पण त्यासाठी खास उपचारपद्धती आहेत. अमेरिकेतल्या डॉ. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेली पद्धत १६ सेशनांची आहे. तेव्हा समोरच्याला हे क्षेत्र माहीत असलेलं बरं.

पहिल्या भेटीची तू फार तयारी करते आहेस. ती परीक्षा नाही. सेशन बहुधा ४५ ते ५० मिनिटांचं असतं आणि पहिल्यात निम्मा वेळ विचारपूस आणि कागदपत्रं यातच जातो. गोष्ट क्रमाने सांगता आली नाही तरी चालते, मधेच थांबलीस तरी चालते. रडू आलं तर रड, तिथे कुणी दचकत नाही. ‘याबद्दल आज नको’ असं म्हणायचा हक्क तुला पहिल्या दिवसापासून आहे. आणि त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मोकळा ठेव. तिथून उठून थेट ऑफिसच्या मीटिंगमध्ये जाऊन बसू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे बरं वाटण्याऐवजी जास्तच हललेलं वाटू शकतं, कारण इतके दिवस दाबून ठेवलेलं वर येत असतं. पण ते ओसरलंच नाही, दर वेळी आणखी खचूनच बाहेर पडायला लागलीस, तर तसं तिथे बोल.

किती दिवस, या प्रश्नाला नेमकं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही. अंदाज देता येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली २,४०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. ८ सेशनांपर्यंत साधारण निम्म्या लोकांमध्ये मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली, २६ सेशनांपर्यंत पाऊणांमध्ये. आठवड्याला एक धरलं तर दोन महिने आणि सहा महिने. एवढा वेळ मनात धरून जा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून हताश होणार नाहीस. ‘पूर्वीसारखी’ या शब्दापाशी मात्र मी अडखळले. बाबा होते तेव्हाची तू परत येशील, असं मी तुला सांगू शकत नाही. झोप लागेल, मुलाशी बोलताना आवाज चढणार नाही, बाबांची आठवण येऊनही दिवसाचं काम होईल, हे मात्र होऊ शकतं. आणि यातलं तुला काय हवंय ते तुझ्या तोंडून थेरपिस्टना कळलं, तर उपचारांना दिशा मिळते.

माझं स्वतःचं सांगते. माझ्या पहिल्या थेरपिस्ट बोलता बोलता घड्याळाकडे बघायच्या. मला ते फार लागायचं. तिसऱ्या भेटीनंतर मी काही न सांगता जाणं बंद केलं आणि पुढची दोन वर्षं ‘थेरपीचा काही उपयोग नसतो’ असं म्हणत काढली. त्यातली हळहळ अजून आहे. थेरपिस्टशी जुळणं हे उपचार लागू पडण्यातलं फार मोठं कारण असतं, आणि ते जुळत नसेल तर तसं म्हणणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘मला तुमचं हे खटकलं’ असं एकदा म्हणून बघ. चांगली थेरपिस्ट रागावत नाही, उत्सुक होते. तरीही नाही जमलं तर दुसऱ्या कुणाचं नाव त्यांच्याकडूनच मागून घे. अपवाद एकच: कुणी तुझ्याशी शारीरिक किंवा प्रेमाची जवळीक साधू लागलं, तर तिथे चर्चा करत बसू नकोस. निघून ये आणि तक्रार कर.

नवऱ्याला सगळं सांगायला तू बांधलेली नाहीस. पण घरात एका माणसाला तरी माहीत असावं की गुरुवारी तू कुठे जाते आहेस, कारण पहाटे तीनला केंद्र बंद असतं आणि नवरा शेजारी असतो. ‘झोपेसाठी आणि बाबांसाठी मी एका समुपदेशकाकडे जातेय, आत्ता जास्त विचारू नकोस,’ एवढं सांगितलंस तरी पुरेसं आहे.

राहिली ती दोन पानं. त्यांत काय होतं हे मी विचारणार नाही. गुरुवारी वही बरोबर ने, उरलेली पानं वाचून दाखव. शेवटी वेळ उरला आणि मन धजावलं, तर फाडलेल्या जागेवर बोट ठेवून एवढंच सांग: ‘इथे आणखी दोन पानं होती.’ त्यावर काय बोलायचं ते त्यांना ठरवू दे.

तुझी,
ताई