‘मात दिली’ की ‘मात केली’?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेतल्या नवपुराणमतवाद्यांना, म्हणजे लष्करी बळावर परक्या राजवटी बदलू पाहणाऱ्या निओकॉन मंडळींना, जग व्हिडिओ गेमसारखं दिसतं, असं मी एका लेखात लिहिलं. पुढचं वाक्य होतं, ‘सद्दामला मात दिली की लेव्हल संपली.’ संपादकांनी ते ‘सद्दामवर मात केली’ असं बदललं. बरोबर कोण? आणि उपमा जमली आहे का?”

संपादक बरोबर. मराठीत शह देतात आणि मात करतात. ‘मात दिली’ हे हिंदीतल्या ‘मात देना’वरून उचललेलं आहे. आजाराला मात दिली, ऑस्ट्रेलियाला मात दिली. रोज कानावर पडतं आणि रोज तितकंच खुपतं. ज्ञानेश्वरीतली ‘मातु’ म्हणजे गोष्ट, बोलणं. ती वेगळी, तिला यात ओढू नका.

खरी मौज पुढे आहे. हा शब्द बुद्धिबळातला, ‘शाह मात’मधला. त्याचा अर्थ बहुतेक जण ‘राजा मेला’ असा सांगतात, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. मला हे मुळीच मान्य नाही. बुद्धिबळ अरबांकडे गेलं ते इराणातून. ‘शाह’ फारसी, मग त्याला चिकटलेला शब्द तेवढा अरबी कसा? फारसीत ‘मात’ म्हणजे थक्क, हतबुद्ध, काही सुचेनासा झालेला. आजही इराणी माणूस अवाक् झाला की ‘मात ओ मबहूत’ म्हणतो. शिवाय पट डोळ्यांसमोर आणा. प्यादी मरतात, उंट मरतो, वजीरसुद्धा मरतो. राजाला मात्र कोणी पटावरून उचलत नाही. त्याला सरकायला घर उरत नाही आणि डाव तिथेच थांबतो. हा शब्द कोंडलेल्या राजाचा आहे, मेलेल्या राजाचा नव्हे. जर्मनमध्ये याच शब्दातून आलेला ‘मट’ म्हणजे थकलेला, निस्तेज. मोबाइलच्या कव्हरचं ‘मॅट फिनिश’सुद्धा याच घरातलं, असं माझं ठाम मत आहे. त्याचं मूळ लॅटिनमध्ये शोधणाऱ्यांनी जरा विचार करावा: चमक गेलेला रंग आणि चाल संपलेला राजा यांची अवस्था एकच नाही का?

उपमा राहिलीच. ती जमली आहे. परवा भाच्याशेजारी बसून त्याचा गेम पाहत होतो. मुख्य राक्षसाची लाल पट्टी संपली, तो कोसळला, पडदा काळा झाला आणि पुढची लेव्हल उघडली. ज्या गावात ही मारामारी झाली तिथे नंतर काय झालं, हे गेम दाखवतच नाही. निओकॉनांचा इराकचा विचार हुबेहूब असा होता. २६ जानेवारी १९९८ला विल्यम क्रिस्टल, रॉबर्ट केगन, पॉल वुल्फोविट्झ वगैरेंनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून सद्दामची राजवट हटवण्याची मागणी केली. अमेरिकेने इराकवर हल्ला केल्यावर ९ एप्रिल २००३ला बगदादच्या फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा पडला आणि १ मे रोजी ‘मोहीम फत्ते’ अशा अर्थाच्या फलकाखाली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी विमानवाहू जहाजावरून भाषण केलं. त्याच महिन्यात अमेरिकी प्रशासकाने इराकी सैन्य बरखास्त केलं. लाखो शिपाई एका हुकुमाने बेकार झाले, आणि बंदूक चालवणं त्यांना येत होतंच. डिसेंबरमध्ये सद्दाम सापडला, २००६च्या अखेरीस फाशीही गेला. अमेरिकी फौजा मात्र डिसेंबर २०११पर्यंत तिथेच होत्या.

म्हणून संपादकांचं व्याकरण मान्य करूनही तुमच्या वाक्यातून ‘मात’ काढा. अशा गेममध्ये मात नसतेच, राक्षस मरतो. ‘सद्दामला मारलं की लेव्हल संपली’ असं लिहा.